तिच्या नावांचा पट: जुने लुगडे, कागदपत्रे आणि सुई-दोरा यांतून मिश्र माध्यमातील कलाकृती कशी करावी

स्त्रीशक्ती हा विषय घेऊन मिश्र माध्यमात काही करायचे ठरवले, की बहुतेकांच्या हाताशी प्रथम तयार प्रतिमा येतात. मोकळे सोडलेले केस, उगारलेली मूठ, घोड्यावरची राणी आणि हल्ली हमखास दिसणारी अष्टभुजा, जिच्या एका हातात लाटणे, दुसऱ्यात लॅपटॉप आणि तिसऱ्यात बाळ असते. 8 मार्चच्या आसपास गावोगावच्या फलकांवर ही चित्रे इतकी दिसतात, की त्यांत कोणतीही एक स्त्री उरलेली नसते. शिवाय त्या अष्टभुजेत चार जणांचे काम एकटीने उरकण्याचे जे कौतुक दडलेले आहे, त्याला स्त्रीवादी कसे म्हणावे, हा प्रश्न राहतोच. या लेखातील पद्धत उलट बाजूने सुरू होते. आधी एक खरी स्त्री निवडावी, तिच्या वापरातून गेलेले कापड, कागद आणि भांडी जमवावीत, आणि त्यांवर तिच्या आयुष्याने आधीच जे उमटवून ठेवले आहे तेवढेच वर आणावे. प्रतिमा बाहेरून आणू नये.

विषय म्हणून तिची नावे घ्यावीत, असे मी सुचवेन. आपल्याकडे अनेक घरांत लग्नात मुलीचे आडनावच नव्हे, तर पाळण्यातले नावही बदलत असत आणि काही घरांत अजून बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवरा त्यात अंगठीने नवे नाव लिहितो आणि ते जमलेल्यांना वाचून दाखवले जाते. कायद्याची अशी कोणतीही सक्ती नाही. मग लग्नपत्रिकेत ती 'चि. सौ. कां.' असते, सासरी धाकटी किंवा थोरली होते, पुढे कोणाची तरी आई म्हणून ओळखली जाते. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, मतदार यादीत दुसरे आणि पासबुकात तिसरेच. साठी उलटलेल्या एखाद्या बाईंना शेजारी बसवून विचारले, तर पाच-सहा नावे सहज निघतात, आणि त्यांतले आपले आवडते कोणते हे सांगताना त्या जे बोलतात त्यातूनच पुष्कळदा कलाकृतीचा मध्य सापडतो.

नावे हा विषय कलेला नवा नाही. अमेरिकेतील ज्युडी शिकागो यांनी 1974 ते 1979 या काळात 'द डिनर पार्टी' ही मोठी मांडणी घडवली. तिच्या त्रिकोणी मेजावर इतिहासातील 39 स्त्रियांसाठी भरतकाम केलेल्या पट्ट्या आणि चिनी मातीची ताटे आहेत, आणि खालच्या फरशीवर आणखी 999 नावे सोनेरी अक्षरांत लिहिलेली आहेत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियममध्ये ती आज कायमस्वरूपी पाहायला मिळते. स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या घरात करत आलेल्या कापणे, जोडणे, टाचणे या कामांची कलेत गणना व्हावी म्हणून तिथल्याच मिरियम शापिरो आणि मेलिसा मेयर या कलावंतांनी 1977-78 मध्ये 'फेमेज' हे नाव रूढ केले. अमेरिकी चित्रकार फेथ रिंगगोल्ड यांनी आपल्या आईबरोबर, विली पोझी यांच्याबरोबर, 1980 मध्ये पहिली गोधडी केली आणि त्यानंतर चित्र, शिवण व हाताने लिहिलेला मजकूर एकाच कापडावर आणणाऱ्या गोष्टींच्या गोधड्यांची मालिकाच उभी केली. आपल्याकडे चित्रकार रुम्माना हुसेन यांनी 1992 च्या दंगलींनंतरच्या मुंबईत रंगवलेला फलक मागे ठेवून फुटलेली मडकी, छायाचित्रे आणि घरातल्या साध्या वस्तू हाती घेतल्या, तर शकुंतला कुलकर्णी यांनी वेताची चिलखते विणून ती स्वतःच्या अंगावर चढवली. संरक्षण आणि पिंजरा या दोन्ही गोष्टी त्या वेतात एकाच वेळी दिसतात. या सगळ्यांत आपल्या कामासाठी मला रिंगगोल्ड सर्वांत उपयोगी वाटतात, कारण त्यांच्या गोधडीवरचा मजकूर वाचण्यासाठी पाहणाऱ्याला जवळ जावेच लागते. लांबून घोषणा म्हणून तो वाचता येत नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिल्या प्रयत्नासाठी साधारण 60 × 75 सें.मी. एवढा उभा पट पुरेसा आहे. त्याहून लहान घेतला तर देवनागरी अक्षरे शिवताना कोंडतात, आणि फार मोठा घेतला तर मांडीवर घेऊन काम करता येत नाही, जे या कामात महत्त्वाचे आहे.

साहित्य जमवणे

कापडासाठी त्या स्त्रीच्या वापरातले सुती लुगडे किंवा साडी मिळाली तर उत्तम. नऊवारी म्हणजे जवळपास सव्वाआठ मीटर कापड असते, तेव्हा सगळे कापायची गरज नाही. कोणता भाग घ्यायचा, हे मात्र विचारपूर्वक ठरवावे. पदर आणि काठ दिसायला सुरेख असतात म्हणून हात तिकडे जातो, पण त्या स्त्रीची खरी खूण बहुधा विरलेल्या भागात असते. कासोट्याकडे झिजलेले सूत, कमरेशी पडलेला घामाचा पिवळसर पट्टा, चुलीजवळ पडलेली ठिणगीची भोके, हे सगळे ठेवावे. पूर्वी लुगडे मधोमध विरले, की तो भाग काढून टाकून उरलेले दोन तुकडे जोडत आणि त्याला दांड घालणे म्हणत. असे दांड घातलेले लुगडे हाती आले, तर ती शिवण उसवू नये. ती रेघ पटावर कोठे येते ते आधी पाहावे आणि बाकीची रचना तिच्या आधाराने करावी, कारण पटावरचे पहिले रेखाटन त्या बाईने स्वतः, अडचणीत, करून ठेवलेले आहे.

कागदपत्रांत शाळा सोडल्याचा दाखला, लग्नपत्रिका, माहेरून आलेली पत्रे, शिधापत्रिका, बचतगटाचे पुस्तक, रोजगार हमीच्या कामाचे एखादे कार्ड आणि सातबारा यांचा शोध घ्यावा. शिधापत्रिका विशेष पाहण्यासारखी आहे. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार शिधापत्रिकेसाठी घरातील 18 वर्षे पूर्ण केलेली सर्वांत वडील स्त्री कुटुंबप्रमुख मानली जाते, त्यामुळे अनेक स्त्रियांच्या बाबतीत ती कुटुंबप्रमुख म्हणून नोंदली गेल्याचा तो एकमेव कागद असतो. सातबारा याच्या नेमका विरुद्ध बोलतो. त्यावर भोगवटादाराच्या रकान्यात भावांची नावे आणि बहिणींची नावे 'इतर हक्कां'त, असे चित्र पुष्कळदा दिसते. किंवा हक्कसोडपत्रावर सही झाल्यामुळे बहिणींची नावे मुळीच दिसत नाहीत. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने 1994 मध्ये केली आणि 2005 मध्ये ती देशभर लागू झाली, हे लक्षात ठेवून उताऱ्यावरची तारीख पाहावी. शिधापत्रिका आणि सातबारा पटावर शेजारी शेजारी ठेवले, तर वर एक शब्द लिहिण्याची गरज उरत नाही. मुलांच्या नावात आता आईचे नाव येऊ लागले आहे. 1 मे 2014 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या नोंदी स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने करण्याचा निर्णय राज्य शासनाने 2024 मध्ये घेतला. घरात अशा नातवंडाचा एखादा कागद असेल, तर त्याचीही प्रत काढून ठेवावी.

मूळ कागद कधीही कापू किंवा चिकटवू नये. त्याची लेझर प्रिंट काढावी. इंकजेटची शाई ओल्या हाताने पसरते, म्हणून ती या कामाला चालत नाही. आधार क्रमांक, खाते क्रमांक, दूरध्वनी आणि पत्ता प्रत काढण्यापूर्वीच झाकून टाकावेत. झाकलेली जागा लपवण्याची गरज नाही. पुढे तेथे जाड काळ्या दोऱ्याची आडवी रेघ शिवली, की ती रचनेतच सामावते. आणि ती स्त्री हयात असेल तर कोणता कागद दाखवायचा आणि कोणता नाही, हे तिनेच ठरवावे. तिने एखादे नाव 'हे नको' म्हणून बाजूला ठेवले, तर ते पटावर येऊ नये, मग रचनेच्या दृष्टीने ते कितीही आवश्यक वाटो. दुसऱ्या बाईच्या बळाबद्दल बोलताना तिचाच नकार डावलणे हे काम सुरू होण्याआधीच फसल्यासारखे आहे.

बांगड्यांचे तुकडे, टिकल्या, काळे मणी आणि कुंकू यांबद्दल थोडे सावध असावे. ही मंडळी मुठीच्या आणि अष्टभुजेच्याच कुळातली आहेत. बाजारातून टिकल्यांचे पाकीट आणून पटावर चिकटवले तर त्यातून कोणतीही स्त्री दिसत नाही. पण आरशाच्या कडेला एकीवर एक चिकटवलेल्या तिच्याच जुन्या टिकल्या असतील, किंवा नवरा गेल्यावर डब्यात तसेच राहिलेले मणी असतील, तर गोष्ट वेगळी. बाजारात मिळणाऱ्या कुंकवात आणि अळत्यात बहुधा कृत्रिम रंग असतो, तो पाण्याने पसरतो व उन्हाने विटतो. हळदीचा पिवळाही प्रकाशात फार काळ टिकत नाही. टिकाऊ तांबडा हवा असेल तर गेरू वापरावा. तो लोहाचा खनिज रंग आहे आणि उजेडाने उडत नाही. बारीक वाटून, वस्त्रगाळ करून अ‍ॅक्रिलिक माध्यमात कालवला, की कापडावर चांगला बसतो.

भांड्यांवरच्या नावांचे ठसे

या पद्धतीतला मला सर्वांत समृद्ध वाटणारा भाग हा आहे, आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत तांब्या-पितळेच्या आणि स्टीलच्या भांड्यांवर नावे घातलेली असतात. जुन्या पितळेवर ती छिन्नीने ठोकलेली, स्टीलवर यंत्राने टिंबाटिंबांनी कोरलेली. पातेले, परात, घागर, डबे काढून एका दिवसात सगळी नावे वाचावीत. कोणाचे नाव आहे? आहेरात आलेल्या भांड्यावर देणाऱ्याचे, घरात घेतलेल्या भांड्यावर नवऱ्याचे, एखाद्या ताटावर 'कै.' लावून दिवंगत सासऱ्यांचे. जिने ती चाळीस-पन्नास वर्षे रोज घासली, तिचे नाव किती भांड्यांवर आहे, हे मोजून पाहावे. माहेरहून आलेल्या एखाद्या लहान तांब्यावर ते सापडते, आणि तेही बरेचदा लग्नाआधीचे.

ठसा घेण्यासाठी पतंगाचा कागद किंवा पातळ ट्रेसिंग पेपर घ्यावा. भांडे साबणाने धुऊन तेलकटपणा घालवावा आणि पूर्ण कोरडे करावे. कागद नावावर ताणून कडेने साध्या चिकटपट्टीने बसवावा, भांडे मांडीत घट्ट धरावे आणि 4बी किंवा 6बी पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने एकाच दिशेने घासावी. नाव खोलगट असल्याने अक्षरे पांढरी राहतात आणि भोवतालचा भाग काळा होतो. घाईने जोर दिला तर कागद खाचेत दबतो आणि अक्षर बुजते. गोल भांड्यावर कागद सुरकुततो, तेव्हा एका वेळी दोन-तीन अक्षरांचाच ठसा घ्यावा आणि नंतर ते जोडावेत. जोड दिसला तरी बिघडत नाही. पेन्सिलऐवजी मेणाचा खडू वापरला तर ठसा पुसला जात नाही. पेन्सिलीचा असेल तर त्यावर फिक्सेटिव्हचा पातळ फवारा द्यावा आणि ते काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून करावे.

ज्या भांड्यांवर तिचे नाव नाही, त्यांच्या कोऱ्या भागाचेही ठसे घ्यावेत. घासण्याने पडलेले बारीक ओरखडे कागदावर उमटतात, आणि ते तिच्या हाताचेच असतात. पटावर नावाच्या ठशांच्या रांगेत अशा कोऱ्या ठशांनाही जागा द्यावी. नाव नसणे शब्दांत सांगण्यापेक्षा अशा रीतीने दाखवणे कितीतरी परिणामकारक ठरते.

कापडाचा पाया

पायासाठी मांजरपाट घ्यावा. आधी गरम पाण्यात धुऊन खळ काढून टाकावी, म्हणजे कापड नंतर आटत नाही आणि सुईही सहज जाते. जुन्या लुगड्याच्या तुकड्याची दोन प्रकारे परीक्षा करावी. दोन्ही हातांनी हलके ताणून पाहावे. सूत करकरत तुटू लागले तर तो भाग एकटा उभा राहणार नाही, त्याखाली आणखी एक थर लागेल. मग ओल्या पांढऱ्या फडक्याने कोपरा चोळावा. फडक्याला रंग लागला तर ते कापड पुढे ओले होणार नाही अशाच जागी वापरावे. जुन्या रेशमी साड्या घडीवर चिरतात, आणि त्यांना सुईचे प्रत्येक भोक म्हणजे नवी चीर. त्यांचा मोह टाळलेला बरा.

मांजरपाट, मध्ये एखादे मऊ जुने सुती कापड आणि वर लुगड्याचा तुकडा असे तीन थर एकमेकांवर पसरावेत. मध्यापासून कडेकडे हात फिरवून सुरकुत्या काढाव्यात आणि तळहाताच्या अंतराने कच्चा दोरा घालावा. त्यानंतर गोधडीचा धावदोरा सुरू करावा. टाका अर्धा सेंटिमीटर, दोन ओळींतले अंतर साधारण एक सेंटिमीटर. गोधडी शिवणाऱ्या बायका पुष्कळदा कडेने सुरुवात करून चौकोनात चौकोन घेत मध्यापर्यंत येतात, तीच रीत येथे ठेवावी. मात्र मध्यभागी सुमारे 20 × 30 सें.मी. जागा न शिवता सोडावी, कारण मुख्य नाव तेथे यायचे आहे. टाके एकसारखे यावेत म्हणून शिलाई यंत्र वापरण्याची सूचना काही जण करतात. मी ती करणार नाही. हाताच्या टाक्यात थकवा, गप्पा, उजेड कमी झाल्याची वेळ हे सगळे नोंदले जाते, आणि या पटाला ती नोंद हवी आहे.

कागदावरचे अक्षर कापडावर आणणे

कागदपत्रे दोन प्रकारे वापरता येतात. हातकागदावर प्रत काढून तो तुकडा शिवता येतो, किंवा जेल मीडियमने, म्हणजे अ‍ॅक्रिलिकच्या घट्ट, गोंदासारख्या लेपाने, मजकूर कापडावर उतरवता येतो. पहिला मार्ग सोपा आणि अधिक टिकाऊ आहे. चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला हातकागद वर्तमानपत्राच्या कागदासारखा पिवळा पडत नाही आणि टाकाही धरून ठेवतो. मात्र सुई थेट घालू नये. आधी टोचणीने दर 4 मिलिमीटरवर भोके पाडावीत आणि मग त्यांतून दोरा ओवावा. भोके याहून जवळ पाडली तर कागद त्या रेघेवर फाटून येतो. चिकटवण्यासाठी फेविकॉलसारखा पांढरा गोंद थोडे पाणी घालून, फक्त कोपऱ्यांना, पातळ लावावा. सगळ्या पाठीवर लावला तर कागद आणि कापड वेगवेगळ्या मापाने आटतात आणि पट वाकतो. मैद्याची खळ हाही जुना, भरवशाचा उपाय आहे, पण तिला कसर लागते. त्यासाठी पुस्तकांचे बांधणीकार तिच्यात मोरचूद घालत, तो विषारी असल्याने लहान मुलांच्या घरात ते करू नये.

दुसऱ्या मार्गात मजकूर संगणकावर आरशासारखा उलटा करून घ्यावा लागतो, नाहीतर अक्षरे उलटी उतरतात. मांजरपाटाच्या वेगळ्या, सपाट तुकड्यावर मॅट जेल मीडियमचा सारखा थर द्यावा, लेझर प्रिंट शाईची बाजू खाली करून त्यावर बसवावी आणि पट्टीच्या कडेने हवा बाहेर काढावी. रात्रभर सुकू द्यावे. कोकणात पावसाळ्यात दोन दिवसही लागतात. मग स्पंजने कागद भिजवून बोटांच्या टोकांनी गोल गोल चोळत लगदा काढावा. एका बैठकीत सगळा निघत नाही. सुकल्यावर पांढरट झाक दिसली, की पुन्हा भिजवून चोळावे. अक्षरे मधूनमधून निघून गेलेली दिसतील, तेथे पेनाने ती भरू नयेत. उतरवलेला भाग प्लास्टिकसारखा ताठ होतो आणि सुईचे चुकलेले भोक त्यावर कायम राहते, म्हणून हा तुकडा पायावर शिवताना टाके कडेकडेनेच घालावेत. गोधडी शिवून झालेल्या उंचसखल कापडावर थेट उतरवण्याचा प्रयत्न केला तर अर्धा मजकूर कागदाबरोबरच निघून येतो.

छायाचित्र वापरायचे असेल तर एकच वापरावे, आणि शक्यतो लग्नातले किंवा स्टुडिओतले नको. गटाच्या फोटोत कडेला उभी असलेली, अर्धी कापली गेलेली ती सापडली तर तेवढाच भाग घ्यावा. जर्मन कलावंत हाना हेख यांनी 1919 च्या सुमारास बर्लिनमध्ये छापील छायाचित्रे कापून जी चित्रे जोडली, त्यांतल्या प्रसिद्ध चित्राच्या नावातच स्वयंपाकघरातला चाकू आहे. त्यांच्या चित्रांत डोके, धड आणि यंत्र यांचे प्रमाण मुद्दाम बिघडवलेले असते. आपल्या पटावरही चेहरा मोठा आणि मधोमध हवाच असे नाही. हात मोठे आणि चेहरा टिकलीएवढा, असेही चालते.

नाव शिवणे

मध्यभागी सोडलेल्या जागेत तिने स्वतः निवडलेले नाव यावे. ते तिच्याच अक्षरात असेल तर फारच चांगले. तिला लिहिता येत असेल तर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घ्यावे, सहीची सवय असेल तर सही घ्यावी. लिहिता येत नसेल तर तिच्या बोटाने ताटातल्या तांदळात काढून घेतलेले अक्षरही चालते. लग्नात तांदळात तिचे नाव दुसऱ्याने लिहिले होते, तेथे आता तिचे बोट फिरते. त्या ताटाचा वरून सरळ फोटो काढून त्यावरून अक्षराचा आकार घ्यावा. खरे तांदूळ पटावर चिकटवू नयेत, त्यांत किडे होतात. त्याऐवजी पांढऱ्या दोऱ्याचे आखूड, तिरपे, वेगवेगळ्या दिशांचे टाके घालून तांदळाचा भास निर्माण करता येतो. सहा पदरी लडीतले तीन पदर त्यासाठी पुरतात.

आकार कापडावर उतरवण्यासाठी बटर पेपरवर नाव गिरवून तो कागद कापडावर टाचावा, कागदासकट शिवावे आणि शेवटी कागद हलके फाडून काढावा. देवनागरी शिवताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. अक्षराची उंची निदान अडीच सेंटिमीटर असावी, जोडाक्षर असेल तर त्याहून अधिक. वेलांटी आणि मात्रेसाठी वर मोकळी जागा आधीच धरावी. वळणांसाठी उलटी टीप चांगली, कारण तिचे टाके लहान करता येतात. साखळी टाक्याने अक्षर भरदार दिसते, पण 'क्ष' किंवा 'ज्ञ' सारख्या ठिकाणी ते बुजते. शिरोरेघ सर्वांत शेवटी घ्यावी. एक जाड दोरा सरळ ठेवून त्याला बारीक दोऱ्याने जागोजागी टाचत गेले, की रेघ ताठ राहते आणि अक्षरे तिच्यापासून सुटत नाहीत.

बाकीची नावे, म्हणजे इतरांनी दिलेली, भोवतीच्या काठावर यावीत: लहान, दोन पदरी दोऱ्याने, लुगड्याच्याच रंगाच्या जवळ जाणाऱ्या छटेत, म्हणजे ती हाताच्या अंतरावर आल्याशिवाय वाचता येऊ नयेत. भांड्यांचे ठसे एका उभ्या पट्टीत आणि कागदपत्रे दांडाच्या शिवणीच्या दोन बाजूंना, ही मांडणी मला बहुतेक वेळा साधते, पण ती सक्तीची नाही. दोन गोष्टी मात्र पाळाव्यात. पटाचा निदान तिसरा भाग धावदोऱ्याखेरीज मोकळा राहू द्यावा, आणि शिवायला घेण्यापूर्वी सगळे तुकडे नुसते टाचून पट भिंतीला लावून दोन-चार दिवस येता-जाता पाहावा. बहुधा एखादा तुकडा काढावा लागतो. तो सर्वांत सुंदर तुकडा असण्याची शक्यता अधिक असते.

हे सगळे दुसरीविषयी झाले. करणारीची अभिव्यक्ती कोठे, असे कोणी विचारील. निवडीत आणि टाक्यांत ती आहेच. तरीही स्वतःचे काही म्हणायचे असेल तर पटाच्या पाठीमागच्या मांजरपाटावर म्हणावे. पाठीची बाजू पत्रासारखी वापरावी: तिला जे विचारायचे राहिले ते, किंवा तिच्या ज्या गोष्टीचा राग येतो ते, कपड्यावर लिहिण्याच्या पक्क्या शाईने किंवा दोऱ्याने तेथे लिहावे. आई-आजीविषयीच्या अशा कामांत नुसती कृतज्ञता भरून राहते आणि पट गुळमट होतो. जिने सुनेला जाच केला, जिने मुलीची शाळा थांबवली, ती आजीसुद्धा याच पटावरची आहे, आणि तिचे बळ दाखवताना ते कोणावर वापरले गेले हे गाळू नये.

टांगणे, जपणे आणि नामपट्टी

पट पूर्ण झाल्यावर वरच्या कडेला मागून सात-आठ सेंटिमीटरचा नेफा शिवावा आणि त्यातून लाकडी दांडी घालावी. अशाने वजन सगळ्या रुंदीवर विभागले जाते. कोपऱ्यांना खिळे ठोकले तर जुने सूत तेथेच फाटते. कापडाच्या भागावर वॉर्निश लावू नये. काचेच्या चौकटीत बसवायचे असेल तर काच आणि कापड यांच्यात निदान एक सेंटिमीटरची पोकळी ठेवावी, नाहीतर दमट हवेत बुरशी धरते. समोरासमोर ऊन येणारी भिंत टाळावी. ठेवून द्यायचा झाल्यास घडी घालू नये. जाड पुठ्ठ्याच्या नळीवर धुतलेले मलमल गुंडाळून, पटाची चित्राची बाजू बाहेर ठेवून तो सैल गुंडाळावा. डांबराच्या गोळ्या कापडाला लागू देऊ नयेत. वर्षातून दोनदा सावलीत पसरून हवा देणे हा त्याहून बरा उपाय आहे.

नामपट्टीवर फक्त करणारीचे नाव आणि 'मिश्र माध्यम' एवढेच लिहिण्याची पद्धत आहे. येथे ती पुरेशी नाही. साहित्य नेमके लिहावे: सुती नऊवारी, अमक्या सालच्या सुमाराची, मांजरपाट, हातकागदावरील शिधापत्रिकेची प्रत, पितळी तांब्यावरील नावाचा ठसा, सुती दोरा, गेरू. ज्या स्त्रीचा हा पट आहे तिची संमती असेल तर तिचे नाव, तिने निवडले त्या रूपात, आडनावासह किंवा आडनावाशिवाय. गोधडीचे टाके दुसऱ्या बाईकडून घालून घेतले असतील तर तिचेही नाव आणि तिने केलेले काम. 'द डिनर पार्टी' घडवायला शेकडो जणांचे हात लागले होते आणि त्यांतल्या अनेकांची नावे देणारे वेगळे फलकही केलेले आहेत, तरीही नाव एकीचे आणि श्रम अनेकींचे हा आक्षेप तिच्यावर घेतला गेलाच. आपल्याकडे गोधडी शिवणाऱ्या बायकांना मिळणारी मजुरी आणि त्याच गोधडीला शहरातल्या दुकानात लागणारी किंमत यांतले अंतर लक्षात घेता, टाके घालणारीशी मजुरी आधी, तिच्या वेळेच्या हिशेबाने ठरवावी, आणि पट विकला गेला तर विक्रीतला तिचा वाटा किती, हेही त्याच वेळी लिहून तिच्या हाती द्यावे.